अन्य कोणीही वारस नाही

हुपरीचा एक चांदीवाला बरीच वर्षं माझ्या सल्ल्यानं जागा घेतो. पैंजणांच्या धंद्यातून सुटलेला पैसा तो प्लॉटमध्ये घालतो, आणि जागा कुठल्याही एजंटानं दाखवलेली असली तरी कागद मी वाचल्याशिवाय विसार देत नाही. एका दुपारी तो ऑफिसात आला आणि सात-बारा माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ताई, बावड्यातली जागा हाय. एजंट येगळा हाय, पर तुमी व्हय म्हटल्याबिगर मी पुढं जाणार न्हाय." यात मला नवीन काही वाटलं नाही. मी चष्मा लावला आणि गट नंबर वाचला.

तो आमचा गट होता. आमचा म्हणजे माझ्या वडिलांचा, कसबा बावड्यातला तीस गुंठ्यांचा तुकडा. आबा होते तोवर त्यात ऊस असायचा. आता तिन्ही बाजूंनी बंगले उठलेत. आबांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्यामागं तिघांची नावं लागायला हवी होती: आई, मी आणि धाकटा भाऊ. उताऱ्यावर दोनच होती. मी पुन्हा वाचलं. मग वेड्यासारखा कागद उलटा करून मागंही पाहिलं.

"काय लफडं हाय व्हय?" चांदीवाल्यानं विचारलं.

"दोन दिवस द्या," म्हटलं. "फेरफार बघितल्याशिवाय काही सांगत नाही."

आता कोणीही विचारेल की बाई, तू पंधरा वर्षं लोकांचे उतारे तपासतेस, वारसाचे कागद करून देतेस, मग स्वतःच्या घरचा कसा पाहिला नाहीस? पाहिला नाही. आबांचे दिवस झाल्यावर भावाला विचारलं होतं, "वारस नोंद घातलीस का?" तो म्हणाला, "घातली की." एवढ्यावर मी गप्प बसले. आता मोबाइलवर उतारा दोन मिनिटांत निघतो. रोज दहा परक्यांचे काढत होते, पण घरचा काढायचा म्हणजे भावावर शंका घेतल्यासारखं वाटायचं. गिऱ्हाइकांना मी वर तोंड करून सांगायचे की सख्ख्या भावाचाही कागद वाचा. ते वाचायचे. मी मात्र रक्षाबंधनाला बावड्याला जाऊन पुरणपोळी खाऊन यायचे.

दुसऱ्या दिवशी फेरफाराची नक्कल काढली. सोबत वारसाचं प्रतिज्ञापत्र होतं. ते लिहून दिलं होतं माझ्या आईनं. मयतास एक पत्नी व एक मुलगा, याव्यतिरिक्त अन्य कोणीही कायदेशीर वारस नाही. खाली आईची सही होती. ती सही तिला मीच शिकवली होती, बचत गटात अंगठा उठवायला तिला लाज वाटायची म्हणून. शेवटचं अक्षर तिला जागेत बसवता येत नाही, ते कागदावरही रेघेच्या खाली उतरलं होतं. सही खोटी असती तर बरं झालं असतं, असं मला तिथं उभ्या उभ्या वाटलं.

आणि सहीच्या वर एक वाक्य होतं: सदरचा मजकूर मला वाचून दाखविला असून तो मला समजला आहे व मान्य आहे. हे वाक्य माझं होतं. ज्यांना वाचता येत नाही अशा म्हाताऱ्यांच्या कागदात मीच ते घालत असे, म्हणजे पुढं कोणी फसवलं म्हणू नये. सगळा नमुनाच माझा होता, समासासकट. आबा गेल्यानंतर दोन-तीन महिने भाऊ माझ्या ऑफिसात बसायला यायचा. मन रमत नाही म्हणायचा. मी त्याला चहा पाजायचे आणि कॉम्प्युटर मोकळा सोडून साइटवर जायचे. माझ्याच घरातून मला बाहेर काढलं होतं, आणि तेही माझ्याच कागदावर छापून.

तशीच बावड्याला गेले. आई सोप्यात बसून मेथी निवडत होती. मी नक्कल तिच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

तिनं पाहिलंसुद्धा नाही. "मला काय वाचाय येतंय व्हय?"

"सही तुझी आहे."

"आसंल की. त्यो म्हणला कर, केली."

"त्यात लिहिलंय, तुला मुलगी नाही."

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "तुला काय कमी हाय, बाई? तुझा फ्लॅट हाय, गाडी हाय, नवऱ्याचा पगार हाय. ह्याचं काय हाय? तुझं नाव लागलं आसतं तर उद्या तुझा नवरा वाटा मागाय आला आसता."

"माझा नवरा आजवर तुझ्याकडं चहाशिवाय काही मागायला आला नाही."

एवढ्यात भाऊ आला. माझ्या हातातला कागद त्यानं लांबूनच ओळखला. "आक्का, तुला सांगणारच हुतो," तो म्हणाला.

"कधी?"

"यवहार झाल्यावर."

मला हसू आलं, मग संताप आला. दहावीत तो दोन विषयांत गेला तेव्हा आबांच्या माराच्या आड मी उभी राहिले होते. त्याच्या लग्नाच्या बोलणीला मीच पुढं होते. आणि हा माझ्या कॉम्प्युटरवर बसून मला पुसत होता. मी त्याला नको ते सगळं बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्याचं काम झालेलंच होतं. आईनं मेथी पुन्हा हातात घेतली. तिनं अडवलं नाही आणि समजावलंही नाही, याचाच मला जास्त राग आला.

चांदीवाल्याला दुसऱ्या दिवशी खरं ते सांगितलं. टायटल क्लिअर नाही, एक मुलगी गाळली आहे.

"कोण हाय ती? तिच्याकडनं हक्कसोड करून घिऊ की," तो म्हणाला.

"ती मीच."

तो धंदेवाईक माणूस. "मग तर सोप्पंच झालं. तुमी सही करा, वर कमिशन डबल घ्या," म्हणाला. पुढं माझं तोंड पाहून त्यानं कागद गोळा केले. तो व्यवहार त्यानं सोडला. भावानं त्यानंतर माझा नंबर ब्लॉक केला.

जमिनीच्या तुकड्याची हाव मला नव्हती, हे सांगून कोणाला पटत नाही. माझ्या नवऱ्यालाही पटलं नाही. मला एवढंच हवं होतं की आबांच्या उताऱ्यावर त्यांच्या मुलीचं नाव असावं. वाटा हवा तर नंतर सोडलाही असता, पण माझ्या हातानं. प्रांत ऑफिसात अपील केलं. मुदत केव्हाच टळून गेली होती. उशिराचं कारण लिहिताना 'सख्ख्या भावावर विश्वास' असं लिहावं लागलं. नोंद पुढं दुरुस्त झाली, नाव लागलं. पण त्याआधी सुनावणी झाली, आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही.

भावाचे वकील होते, भाऊ होता, आणि आईला तो रिक्षातून घेऊन आला होता. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली, सवयीनं, आणि मग उठून पलीकडं गेली. प्रांतसाहेबांनी तिला विचारलं, "आजी, मुलं किती तुम्हाला?"

"दोन. एक ल्योक, एक लेक," आई म्हणाली. जराही अडखळली नाही. माझ्याकडं बोट दाखवलं. "ही थोरली."

भावाचे वकील खुर्चीत सरसावले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आई शेवटी माझी झाली.

"मग प्रतिज्ञापत्रात एकच मुलगा कसा लिहिला?"

"सायेब, माझं गुडघं दुखायचं तवा मी हिच्याकडं ऱ्हायला हुते," आई म्हणाली. "दिसभर हिच्याच हाफिसात बसायचं. तितं समदी ल्योकच यायची कागूद करायला. लेकी कुटं याच्या? ही इचारायची, भणीस्नी सांगितलंय न्हवं? ती ल्योकं म्हणायची, व्हय. मग ही नुसत्या ल्योकांच्या नावाचा कागूद वाचून दावायची आन् म्हाताऱ्या सह्या करायच्या. मला वाटलं, कायद्यात आसंच आसतंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "खरंय का हे?"

मी वकील लावला नव्हता, त्यामुळं उत्तर मलाच द्यावं लागलं. "हो," म्हणाले.