सरकीच्या गोदामातली लाईन

उत्तरेश्वर मास्तर शाळेतले मास्तर नव्हते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आमच्याकडं मास्तर म्हटलं की लोकांना छडीच आठवते. हे स्टेशनमास्तर. येडशी सोडून ढोकीकडं निघालं की मधे खडकवाडी लागायची, तिथले. स्टेशन कसलं हो, दोन खोल्या, एक कडुनिंब आणि पाण्याची टाकी. स्टेशनावरून छोट्या रुळांची एकेरी लाईन जायची. त्या दोन खोल्यांत मास्तरांनी सव्वीस वर्षं काढली, आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक गाडी कुणाला धडकली नाही की एक बैल कापला गेला नाही.

एकेरी लाईन म्हणजे जाणारी गाडी त्याच रुळावर आणि येणारीही त्याच. म्हणून एक नियम असे. पुढच्या स्टेशनानं रस्ता मोकळा असल्याचं कळवल्याशिवाय मास्तर डायवरला चिठ्ठी देत नाही, आणि चिठ्ठी हातात पडल्याशिवाय डायवर गाडी हलवत नाही. त्या चिठ्ठीला म्हणायचं लाईन क्लियर. मास्तरांची सगळी इभ्रत त्या बोटभर कागदात होती.

सत्तेचाळीस सालचा मार्गशीर्ष चालू होता. तिकडं हिंदुस्थान स्वतंत्र होऊन चार महिने झाले होते, इकडं अजून निजामाचंच राज्य. भिऊन गेलेली माणसं बोचकी बांधून बार्शीच्या, म्हणजे हिंदुस्थानच्या हद्दीत निघाली होती. खडकवाडीला रात्रपाळीचा दुसरा एक मास्तर असे. तो बायकोपोरांना पलीकडं सोडायला म्हणून गेला, "आठ दिवसांत आलोच" म्हणाला, तो काही परत आला नाही. तेव्हापासून दिवसपाळी उत्तरेश्वर मास्तरांची आणि रात्रपाळीही त्यांचीच. गाड्यांच्या मधे मिळेल तेवढी झोप. कधी तासभर, कधी बाकावर बसल्या बसल्या. दुसरा माणूस द्या म्हणून त्यांनी वरच्या ऑफिसला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "बंदोबस्त होत आहे, तोवर काम चालवून घ्यावे." चालवून घ्यावे! लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातंय?

पंचेचाळीस दिवस झाले होते असे. मास्तरांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती, जेवताना हातातला घास हातातच राहायचा. बायको कमलबाई म्हणायची, "अहो, घास तोंडात घाला, कागद न्हाय तो." मास्तर हसायचे, पण हसायलाही त्यांना ताकद लागायची.

आणि त्यात शुक्रवारची डूटी.

ही डूटी म्हणजे मास्तरांचा शौक. स्टेशनाला लागूनच बाबामियाँचं सरकीचं गोदाम होतं. बाबामियाँनी याच लाईनवर तीस वर्षं इंजिन हाकलेलं, आता म्हातारपणी गोदाम रिकामं पडलेलं. त्या गोदामात चौघांनी मिळून एक आख्खी रेल्वे उभी केली होती. रूळ कापसाच्या गठड्यांना आवळतात त्या लोखंडी पट्टीचे. पट्ट्यांखाली बाभळीच्या चिपा. डबे बब्रुवान सुतारानं घडवलेले, दारं उघडणारे, कड्या लागणारे. इंजिनं मुनवरची. मुनवर एरवी पत्र्याच्या चिमण्या आणि तेलाचे डबे करायचा, पण मोडक्या ग्रामोफोनची स्प्रिंग बसवून त्यानं अशी दोन इंजिनं केली होती की चावी दिली की सहा डबे घेऊन आपली चालायची. लाईन पुढच्या खोलीतून निघायची, भिंतीला पाडलेल्या भोकातून मागच्या खोलीत जायची. पुढं येडशी आणि खडकवाडी, मागं ढोकी. येडशीला बाबामियाँ, खडकवाडीला बब्रुवान, ढोकीला मुनवर. मधे स्टूल टाकून मास्तर, सगळ्या लाईनचे कंट्रोल.

नुसतं पोरांसारखं गाडी गोल फिरवायचं काम नव्हतं ते. प्रत्येक डब्याला कागद असायचा. हा सरकीचा, ढोकीला तोडायचा. हा मिठाचा, येडशीला लावायचा. आणि त्या डब्यात खरंच चिमूटभर मीठ असे. बाबामियाँच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाचा गोळा काढून टाकलेला. मग ते जे टकटक धावत सुटायचं, दीड तासात अख्खा दिवस संपवायचं. त्या घड्याळावर चौदा गाड्या वेळेत काढायच्या म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटे. खऱ्या लाईनवर कोळसा मिळत नसे, गाडी तीन-तीन तास उशिरा यायची. गोदामात मात्र गाडी मिनिटाला सुटायची. मास्तरांचा जीव त्यातच अडकलेला.

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. दुपारची नमाज झाली की डूटी सुरू, आणि चारच्या खऱ्या गाडीआधी बंद. गावात कुजबुज होती, या दिवसांत हे हिंदू-मुसलमान दार लोटून काय करतात म्हणून. करतात काय, तर मालगाडीला डबे जोडतात!

त्या शुक्रवारी मुनवर बोलवायला आला तेव्हा मास्तर बाकावर आडवे झालेले.

"मास्तर, चला. गाड्या खोळंबल्या."

"मुनवर, आज न्हाय जमायचं बाबा. अंगात बळच न्हाय. दोन तास पडू दे."

"आता घ्या! चिठ्ठीबिगर गाडी हलवायची न्हाय, हा कायदा कुणी घातला? तुमीच ना? मग चिठ्ठी कोन लिवनार? मी? मला अलिफ धड काढता येत न्हाय."

मास्तर उठले. खरं तर तेव्हाच त्यांनी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण शौकीन माणसाला नाही म्हणता येत नाही, हे त्याचं दुखणंच असतं.

गोदामात बब्रुवाननं हुरडा आणला होता. दोन मुठी खाऊन डूटी सुरू झाली. घड्याळ धावू लागलं. पहिल्या सहा गाड्या झोकात गेल्या. मग मास्तर उठून मागच्या खोलीत गेले आणि मुनवरच्या हातात चिठ्ठी दिली, ढोकीहून खडकवाडीला मालगाडी सोडायची. परत येऊन स्टुलावर बसले. बाहेर कडुनिंबावर होले घुमत होते. मास्तरांनी कागद ओढला, दौतीत टाक बुडवला, लिहिलं आणि बब्रुवानला दिलं. बब्रुवाननं वाचलं, खडकवाडीची घंटा वाजवली आणि ढोकीच्या दिशेनं पॅसेंजर सोडली.

भिंतीच्या भोकात दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या. खाडकन आवाज झाला. एक इंजिन भोकातच उताणं पडून चाकं फिरवत राहिलं, मिठाचा डबा जमिनीवर.

"या अल्ला!" मुनवर पलीकडून ओरडला. "बब्रुवान, लेका, चिठ्ठी न घेता सोडलीस व्हय रं गाडी? मेले की तुझे सगळे पाशिंजर!"

सगळे हसले. बब्रुवानही हसत हसत आपल्या हातातली चिठ्ठी पुन्हा बघू लागला. मूठ मिटून म्हणाला, "व्हय. चुकलं माझं. गडबडीत सोडली."

मास्तर उठून त्याच्यापाशी आले. "चिठ्ठी दाव."

"पडली कुठं तरी, मास्तर. जाऊ द्या."

"बब्रुवान, मूठ उघड."

सुतारानं मूठ उघडली. खडकवाडी ते ढोकी, लाईन क्लियर. वेळ टाकलेली. खाली मास्तरांची सही, नेहमीसारखी झोकदार, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं.

मास्तरांना ती चिठ्ठी लिहिल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी डोकं धरलं, आठवून पाहिलं. मुनवरला दिलेली आठवत होती. होले घुमत होते ते आठवत होतं. त्यानंतर काहीच नाही. डोळे उघडे, हात चालू, आणि आत माणूसच नाही!

"अहो, खेळ हाय मास्तर," मुनवर आत येत म्हणाला. त्याला आता कळलं होतं. "कुनाचं काय गेलं? इंजिनाचा पत्रा ठोकतो, हुईल सरळ."

बाबामियाँ मात्र हसत नव्हते. येडशीच्या स्टुलावर दाढीला हात लावून बसून होते. मास्तर त्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले.

"बाबामियाँ, खरं सांगा. तुमी इंजिनावर असता आन् ही चिठ्ठी म्या तुमच्या हातात दिली असती, तर?"

"सोडा ना मास्तर."

"न्हाय, सांगा."

म्हाताऱ्यानं दाढीवरचा हात काढला. "मास्तरची सही हाय. डायवर सही बघतो. तुमची सही बघून तर म्या कधी दुसऱ्यांदा वाचलं पन न्हाय. गेलो असतो."

"समोरून मालगाडी येत असताना?"

"मला काय मालूम मालगाडी हाय म्हनून? मला तुमची चिठ्ठी मालूम."

मास्तरांना रात्रीच्या गाड्या आठवल्या. रोज रात्री खडकवाडीला दोन गाड्यांचं क्रॉसिंग असायचं, म्हणजे एकीनं बाजूच्या रुळावर थांबायचं आणि दुसरीनं निघून जायचं. त्यांतली एक माणसांनी भरलेली, आता तर बोचकी, म्हाताऱ्या, तान्ही लेकरं घेऊन टपावरसुद्धा बसलेली. पंचेचाळीस रात्री त्यांनी अशाच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. त्यांतल्या किती त्यांनी लिहिल्या आणि किती नुसत्या हातानं लिहिल्या?

"काम सोडतो," मास्तर म्हणाले.

आता मात्र सगळे एकदम बोलायला लागले. अहो, पेन्शनीला सव्वा वर्ष उरलं. नालायक म्हणून स्वतःच लिहून दिलंत तर ऑफिस हातात नारळ देईल, क्वार्टर खाली करायला लावील. या दिवसांत जाणार कुठं? मुनवर तर चिडलाच. "खेळन्यातली गाडी पडली म्हनून खरी नौकरी सोडतोय ह्यो मानूस! अवो, लोक येडं म्हनतील."

"म्हनू दे की," मास्तर म्हणाले. "म्या सव्वीस वर्षं शहाना होतो."

ते स्टेशनात आले. खडकवाडीचा रूळ बदलायचा सांधा सरळ लाईनीला लावला, त्याला कुलूप घातलं. मग भिंतीवरच्या फोनची मूठ फिरवून येडशीच्या मास्तरांना सांगितलं, की खडकवाडी बंद धरा. चारच्या गाडीपासून ढोकीनं थेट येडशीची लाईन क्लियर घ्यावी, रात्रीचं क्रॉसिंग येडशीला करावं. मी गाड्या चालवायला लायक नाही, तसं लिहून देतो आहे.

"काय झालं मास्तर? ॲक्सिडेंट?"

"व्हय. समोरासमोर."

"अहो कुठं? किती माणसं?"

"सरकीच्या गोदामात," मास्तर म्हणाले. मग येडशीचा मास्तर हळूच म्हणाला, "उत्तरेश्वरराव, झोपा तुम्ही. मी बघतो गाड्यांचं."

मास्तरांनी अर्ज लिहिला. खेळाचं काही लिहिलं नाही, नुसतं लिहिलं की झोपेअभावी माझ्या हातावर माझा ताबा राहिलेला नाही. हे मात्र त्यांनी तीनदा वाचून पाहिलं, आपणच लिहितो आहोत ना म्हणून. मग क्वार्टरकडं निघाले. पाच-पन्नास पावलांची वाट, पण त्यांना ती संपेना. कमलबाईला काय सांगायचं? परसात तिनं वालाचा वेल चढवला होता, दोन कोंबड्या पाळल्या होत्या. तिला दुसरं घर नव्हतं, माहेरीही कुणी उरलेलं नव्हतं. बोल लावील, कपाळ बडवून घेईल. घेऊ दे, तिचा हक्कच आहे तो, असं म्हणत त्यांनी दार लोटलं.

कमलबाई भाकरीचं पीठ मळत होती. मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले, "अगं, म्या काम सोडलं. क्वार्टर जाईल. माझ्याच्यानं आता गाड्या होत न्हायत."

तिचे हात पिठात थांबले. तिनं वर बघितलं.

"म्हंजी आज रातच्याला गाड्या तुमी काडनार न्हाय?"

"न्हाय. येडशीला क्रॉसिंग हाय. आज काय, उद्याबी न्हाय."

कमलबाईनं परातीच्या काठावर हात निपटले. मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "लई बेस झालं." तिनं परात बाजूला सारली. "रोज रातच्याला परसाच्या भिंतीशी बसत व्हते म्या. तुमचं ध्यान कुठं असतंय ते मला दिसत व्हतं. एका गाडीची शिट्टी वाजायची, मग दुसरीची वाजंपतूर माझा जीव थाऱ्यावर नसायचा. दोनी गाड्या निघून गेल्याबिगर म्या डोळा मिटला न्हाय. तुमाला कसं सांगावं? सांगितलं असतं तर तुमचा हातच थरथरला असता."

मास्तर तिच्यासमोर खाली बसले.

"भाकरी मागनं थापते," ती म्हणाली. "जरा पडू का?"

असं तिनं लग्न झाल्यापासून कधी विचारलं नव्हतं. विचारलं आणि तिथंच, चुलीपासच्या घोंगडीवर, पिठाच्या हातांनीच आडवी झाली. मास्तर काही म्हणायच्या आत तिला झोप लागली. बाहेर चारची गाडी न थांबता खडखडत निघून गेली, भांडी हलली, तरी तिची पापणी हलली नाही.

मास्तरांचे डोळे मिटू मिटू होत होते. ते उंबऱ्यावर जाऊन बसले आणि जागे राहिले, कुणी हाक मारून तिला उठवू नये म्हणून.