भोंगाबाईंचा एका मुलीचा वर्ग

बाई तळमजल्यावरच्या वर्गात गणित शिकवायच्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांचं गणित सुधारायचं, असं त्यांचे मुख्याध्यापक सांगत. त्यांच्या आवाजाबद्दल दोन मतं असू शकतील, पण तो ऐकू आला नाही असं म्हणणारा माणूस जन्मायचा होता. कुठल्याशा तुकडीने त्यांचं नाव ‘भोंगा’ ठेवलं आणि पुढच्या तुकड्यांनी ते वारसाहक्काने चालवलं. बाईंना ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं. गाणाऱ्याला गळ्याचा असतो तसा त्यांना त्या आवाजाचा अभिमान होता.

अशा बाईंच्या नशिबी नवरा आला तो घड्याळजी. मुंगीच्या पायाएवढे स्क्रू चिमट्यात धरणारा माणूस. बाईंनी स्वयंपाकघरातून “चहा!” म्हटलं की इकडे एक तरी स्क्रू पलंगाखाली जायचा. बिचाऱ्यांनी आयुष्यभर गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधले, पण तक्रार केली नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि घरातल्या सगळ्यांना त्या काय काय शिकवू लागल्या, हे पाहून सुनेने हालचाल केली. एका शिक्षकाने एकाच मुलाला घरबसल्या शिकवायचं, अशी सोय करणाऱ्या एका ऑनलाइन शिकवणीत तिने सासूबाईंचं नाव घातलं. जेवणाच्या खोलीत फळा टांगला, समोर लॅपटॉप ठेवला आणि बजावलं, “आई, हे बटण दाबलं की तुमचा आवाज बंद. घरात कुणी गोंधळ घातला तर तेवढ्यापुरतं दाबायचं. आणि समोर एकच मूल आहे, साठ नाहीत.”

“मला मोजता येतं,” बाई म्हणाल्या.

पण सवय कुठे जाते? पहिल्याच तासाला एकुलत्या एक विद्यार्थ्यावर त्या कडाडल्या, “मागच्या बाकावर काय चाललंय?” तो मुलगा दचकून खरोखरच मागे वळला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा निरोप आला, की बाईंचं शिकवणं उत्तम आहे, पण आजोबा घाबरतात.

त्यानंतर आली ती दहावीची मुलगी. पडद्यावर ती कधी दिसायची नाही. तिच्या चौकोनात एका जाड मांजराचा फोटो असायचा आणि त्या मांजराकडून फक्त “हो बाई” एवढंच ऐकू यायचं. सहामाहीत मुलगी गणितात सपशेल आडवी झाली होती. वार्षिक परीक्षेतही तेच झालं तर वर्ष जाणार, मैत्रिणी पुढे निघून जाणार.

“माझ्या हाताखालचं मूल नापास होत नसतं,” असं बाईंनी तिच्या आईला फोनवर सांगितलं आणि कंबर कसली. कंबर कसली म्हणजे आवाज वाढवला. वर्गसमीकरण त्यांनी हळू सांगितलं, भरभर सांगितलं, रागावून आणि लाडाने सांगितलं.

“समजलं?”

“हो बाई.”

“मग सोडव बघू.”

मांजर चिडीचूप. एखाद्या मांजरासमोर इतकी बीजगणितं कुणी म्हटली नसतील. पालथ्या घड्यावर पाणी! बाईंना घास गोड लागेना. घड्याळजी एवढंच म्हणाले, “घड्याळ जास्त किल्ली दिली तरी बंद पडतं हो.”

“तुम्ही तुमच्या किल्ल्या सांभाळा!”

आता या घड्याळजींच्या अंगात एकच मोठा आवाज होता, तो म्हणजे शिंक. एका संध्याकाळी तास सुरू होताना ती मालिकेने सुरू झाली. बाईंनी चटकन सुनेने दाखवलेलं बटण दाबलं, नवऱ्याला डोळ्यांनी भाजून काढलं आणि फळ्याकडे वळून शिकवायला लागल्या. तास रंगला. बाईंनी उदाहरणं लिहिली, पुसली, हातवारे केले, वळून बोट रोखून प्रश्न विचारले, उत्तर येत नाही म्हणून पुढची पायरी स्वतःच लिहिली. शेवटी घाम पुसत वळल्या, तर मांजर आपणहून बोललं.

“बाई, आज तुमचा आवाज आलाच नाही. बटण बंद आहे तुमचं.”

बाईंनी बटण दाबलं. “अगं, मग सांगायचं नाही होय? आख्खा तास वाया!”

“सांगणारच होते. पण…” आवाज घुटमळला. “पण मला समजायला लागलं होतं, बाई.”

आतल्या खोलीत खुर्ची करकरली. घड्याळजी तोंडात रुमाल कोंबून हसत होते.

त्या रात्री बाई जेवणावर रुसल्या. उभ्या आयुष्याची कमाई तो आवाज, आणि कालची पोर म्हणते तो नसला की समजतं! पण बाई गणिताच्या होत्या. सकाळी त्यांना प्रामाणिकपणे मांडणी करावीच लागली: आवाज असताना शून्य, आवाज नसताना काहीतरी. पोरगी विचार करायला लागली की आपण वरून ओरडत होतो. तिला विचार करायला जागाच नव्हती.

पुढच्या तासाला बाई एक तांब्या पाणी घेऊन बसल्या. एक पायरी फळ्यावर लिहायची, घोटभर पाणी तोंडात धरायचं आणि मुलगी पुढची पायरी बरोबर सांगेपर्यंत गिळायचं नाही! लोक मिठाची गुळणी धरतात, बाईंनी साध्या पाण्याची धरली. गाल फुगलेले, डोळे वटारलेले, हातात खडू. सुनेने दारातून पाहिलं आणि तोंड दाबून परत गेली.

“बाई, आता दोन्ही बाजूंतून… वजा करायचं?” मुलगी चाचरत म्हणाली.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. उत्तर चुकीचं होतं. ‘अगं वेडे!’ घशापर्यंत आलं, पण पुढे पाणी उभं होतं.

“थांबा, नाही नाही. भागायचं. भागायचं ना?”

बाईंनी इतक्या जोरात होकार दिला की थोडं पाणी लॅपटॉपवर उडालं.

मग रोज हेच. पोरगी चुकायची, अडायची, स्वतःशी भांडायची आणि पायरी शोधायची. बाई तुडुंब पाणी प्यायल्या. हळूहळू मांजराला कंठ फुटला. “बाई, लिहू नका! मी सांगते!” अशा आरोळ्या जेवणाच्या खोलीतून यायला लागल्या, तेव्हा घड्याळजी सुनेला म्हणाले, “घात झाला. आता घरात दोन भोंगे.”

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी बाईंचा जीव टांगणीला. दुपारी लॅपटॉप वाजला आणि पडद्यावर दोन वेण्या घातलेली, हसून लाल झालेली एक मुलगी आली.

“बाई, पास! नुसती पास नाही, पहिल्या वर्गात!”

बाईंनी जो जल्लोष केला त्याचं वर्णन नको. शेजारचे तीनजण काय झालं म्हणून दारात आले, आणि घड्याळजींनी शहाणपणाने आधीच सगळे स्क्रू डबीत भरून ठेवले होते.

“पण बाई,” मुलगी जरा चाचरली, “शेवटचं गणित मी तुमच्या पद्धतीने नाही केलं. बागेचं. लांबी आणि रुंदीची बेरीज वीस, क्षेत्रफळ शहाण्णव.”

“मग कसं केलंस?” बाईंच्या भुवया वर.

“दोन्ही सारख्या असत्या तर दहा-दहा, हो ना? मग एक दहापेक्षा जितकी जास्त, तितकीच दुसरी कमी. म्हणजे शंभरातून त्या फरकाचा वर्ग गेला की शहाण्णव. वर्ग चार, फरक दोन. बारा आणि आठ! अवयव पाडायचेच नाहीत.”

बाईंनी फळ्यावर मांडून पाहिलं. एकदा, दोनदा. मग खडू ठेवला.

“कार्टे,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मी अर्धा फळा भरत होते. ही वाट मला कशी दिसली नाही?”

“तुम्ही बोलत होतात ना, बाई!” ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

बाई खो खो हसल्या. मग आतल्या खोलीकडे वळून त्यांनी हाक मारली, “अहो, इकडे या! माझ्या विद्यार्थिनीने नवीन गणित काढलंय, तुम्हाला समजावून देते!”

“मला? मी काय केलं?” घड्याळजी उठत म्हणाले.

“बाई, तुम्ही बसा,” पडद्यावरून करारी आवाज आला. “काकांना मी शिकवते.”