आइस्क्रीमवाल्यांच्या आडनावाचे न्यायमूर्ती

ड्वाइट लिंडमूड हे ओहायोतल्या आमच्या गावचे वकील. मृत्युपत्रं आणि कुंपणाची भांडणं, यापलीकडे त्यांची वकिली गेली नाही. मी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं टायपिंग करते आहे; चढलेला आवाज एकदाही ऐकला नाही.

त्या वर्षी अपील कोर्टाच्या एका जागेची निवडणूक होती. जागेवर रेजिना वॉयचेहॉव्स्की होत्या. आधीचे न्यायाधीश वारले तेव्हा गव्हर्नरांनी त्यांना नेमलं होतं. आता लोकांची मतं घेणं भाग होतं. बाई हुशार, त्यांचे निकाल मुद्देसूद. समोर उभं राहायला कोणी तयार होईना, तेव्हा विरोधी पक्षाचा स्थानिक अध्यक्ष हार्लन टिबेट आमच्या ऑफिसात आला.

"ड्वाइट, फक्त नाव दे. प्रचार नको, काही नको. पडणारच आहेस."

"नक्की पडेन?"

"माझा शब्द."

साहेबांनी सही केली.

तेव्हा मतपत्रिकेवर न्यायाधीशांच्या नावापुढे पक्ष नसायचा, नुसती नावं. आमच्या भागात लिंडमूड आइस्क्रीम न खाल्लेला माणूस सापडत नाही. साहेबांचं त्या घराण्याशी काही नातं नव्हतं. दूध तर त्यांना पचतही नाही. उलट बाईंचं आडनाव शेजाऱ्यांनाही धड उच्चारता येत नसे. साहेब अकरा हजार मतांनी निवडून आले.

"तू शब्द दिला होतास," ते टिबेटला फोनवर म्हणाले.

"लोकांपुढे कोणाचं चालतं?"

जानेवारीत साहेबांनी काळा झगा चढवला. पहिल्याच आठवड्यात ते बाईंच्या दारात उभे. हातात फाइल नव्हती. चालू खटल्याबद्दल बाहेर बोलायचं नाही, तेवढे नियम त्यांना माहीत होते.

"निकाल लिहायला सुरुवात कुठून करायची?"

"हे विचारायला आलात?"

"दुसऱ्या कोणाला विचारायची लाज वाटते."

"माझ्यापुढे नाही वाटत?"

"वाटते. पण ती मतमोजणीपासूनच आहे."

बाई बाजूला झाल्या. "या. बूट काढून."

मग दर गुरुवारी ते जात. बाई जुने निकाल वाचायला लावत आणि कुठे काय चुकलं ते विचारत. दोन वर्षांत साहेबांचे निकाल वाचण्याजोगे झाले. तेव्हाच त्यांनी राजीनामा दिला. जागा रिकामी झाली की गव्हर्नर पुन्हा बाईंना नेमतील, असा त्यांचा अंदाज.

गव्हर्नरांनी आपल्या कॉलेजातल्या सोबत्याला नेमलं.

"मला विचारायचं तरी," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालेच असते. गव्हर्नर बदललेत, पेपर वाचत नाही का तुम्ही?"

साहेबांनी निघायला टोपी उचलली. तेव्हा बाईंनीच विचारलं, "तुमच्या ऑफिसात आणखी एक टेबल मावेल?"

मावलं. कपाट जिन्यात ठेवावं लागलं, एवढंच. आता बाई अपिलं लढवतात, साहेब त्यांना कागदपत्रं लावून देतात. मी दोघांचं टायपिंग करते. बाईंचं अक्षर मला अजून लागत नाही.