सानिका गप्प का?

शाळेत समुपदेशक म्हणून बसलं की दिवसभर दुःखं ऐकावी लागतील, असं लोकांना वाटतं. ऐकते ना! पण घरी जाताना पोतं भरतं ते किश्श्यांचंच. त्यातले निम्मे आमच्या पनवेलच्या शाळेतल्या नववी ब चे!

झालं काय, कामोठ्याची सानिका दिवाळीनंतर शाळेत एक शब्द बोलेना. डबाही तसाच परत. मला तिची भयंकर काळजी. वडिलांना बोलावलं, तर म्हणाले, "नाटकं आहेत मॅडम. आमच्या वेळी उदास व्हायला वेळच नव्हता!"

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला तयार झाले, पण एका अटीवर. "नातेवाइकांनी विचारलं तर दातांचे डॉक्टर सांगायचं!"

* * *

उपचार सुरू झाले, पण शाळेत तोंड बंदच. वर्गाशी बोलू का, असं विचारल्यावर सानिकाने मान हलवून परवानगी दिली, तेव्हा मी वर्गालाच विचारलं, "माणूस असा गप्प का होतो?"

हर्ष उठला. वडील बिल्डर, घर आगरी. "मॅडम, आमच्या घरी कोन गप बसला तर समजायचा, जमिनीचा वाद हाय!"

आर्यन मोठ्या सोसायटीतला, मोबाइलवर वाढलेला. "सिंपल आहे मॅम. मला स्वतःला तीन डिसऑर्डर आहेत."

"कधीपासून?"

"कालच्या रीलपासून!"

झोया म्हणाली, "नजर लागली असेल. अम्मी दुआ पढून पाणी देते. पण डॉक्टरची गोळी चुकवली, तर तीच चप्पल काढते!"

या अम्मीला मी पालकसभेत भाषणाला बोलावणार आहे.

* * *

दर्शना करंजा बंदरातल्या कोळ्यांची, इथे मामाकडे राहते. ती म्हणाली, "आमच्याकडं कुनी गप झाला तर त्याला काय विचारत नाय. बायका आपलं काम घेऊन त्याच्या बाजूला बसतात."

"छान!" मी म्हणाले आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत शिरले, तर जमिनीवर पेपर, पेपरवर सुक्या जवळ्याचा, त्या इवल्या कोळंबीचा ढीग! भोवती दर्शना, झोया, हर्ष आणि मधे सानिका. कुणी तिला काही विचारत नव्हतं. सगळे मुकाट जवळा निवडत होते, आणि सानिकाची बोटंही चालली होती. मला नाचावंसं वाटलं. वास मात्र पार जिन्यापर्यंत!

त्या वासामागोमाग आले मुख्याध्यापक. पक्के शाकाहारी.

"कोणाची कल्पना ही?"

दर्शनाचा चेहरा पडला. मी पुढे सरसावले.

"माझी, सर," सानिका म्हणाली. "आणि दार लावा ना, वास बाहेर जातोय!"