बापाबरोबर मेलेली टोकनं

आमच्या थोरल्या काकांना अख्ख्या भावकीचा सातबारा तोंडपाठ. कुणाचं नाव कुठल्या हिश्श्यावर चढलं, कुणाचं कमी झालं, झोपेतून उठवून विचारा. एवढ्या पुण्याईवर त्यांना देवगडातल्या आमच्या आंबा मंडळाचं अध्यक्षपद मिळालं. अध्यक्षाला अक्कल लागते असं मानणारे अजून कुणी असतील, तर त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

मंडळाचा संगणक मी सांभाळते. गिऱ्हाइकांच्या पत्त्यांचा, कुरिअरचा, असे सगळे पासवर्ड एका सॉफ्टवेअरमध्ये तिजोरीत ठेवावेत तसे बंद असतात. पेटीवरच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रामसुद्धा तिथे आधी आपलं टोकन दाखवतो. हा कोण, याला काय बघू द्यायचं, कधीपर्यंत, ते त्या टोकनवरून ठरतं. टोकन रद्द, की दार बंद.

हे सगळं बसवलं एका मॅनेजरने. कडक इस्त्री, आणि दर वाक्यात 'आमच्या मुंबईत'. या दीडशहाण्याने प्रत्येक प्रोग्रामचं टोकन स्वतःच्या टोकनमधून काढलं. तो बाप, बाकीची त्याची पोरं. बाप नसलेलं टोकनही काढता येतं. त्याला अनाथ म्हणतात, आणि ते कुणाच्या जाण्याने मरत नाही. पण तेवढी तसदी कोण घेतो! ऐन हंगामात स्वारी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे पळाली.

काका तरातरा ऑफिसात आले. "त्या मेल्याचा नाव आत्ताच्या आत्ता काढून टाक!"

"काकानू, वायच थांबा. त्याचा टोकन गेला तर खालची सगळी जातली. आधी नवी काढूया."

"माका शिकवतंस गो? बापाशीचा नाव कमी झाला की पोरांची नावा चढतत!"

आणि माझा हात बाजूला सारून त्यांनी स्वतःच बटण दाबलं. जन्मभर वारसनोंदी करणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? इथे वारस लागत नाहीत. बाप गेला तशी सगळी पोरं जागच्या जागी गेली. चिठ्ठ्या छापायच्या थांबल्या, पत्ते उघडेनात.

बाहेर माझी धाकटी काकी पेट्या घेऊन उभी होती. धाकटे काका वारल्यापासून एकटीने बाग राखलेली, मोहोराच्या वेळी थंडीने दगा दिलेला. यंदाचा तिचा सगळा आंबा त्या पेट्यांत होता. गिऱ्हाइकं मंडळानेच मिळवून दिलेली, त्यांचे पत्ते फक्त आत. मी एकेका प्रोग्रामला नवं टोकन देत बसले.

दुपारी गाडी आली. थोरल्या काकांनी आपल्या जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते आठवून मार्करने पेट्यांवर लिहिले आणि आपला माल चढवला. वर ड्रायव्हरला म्हणाले, "चल रे, उशीर नको." काकीकडे बघितलंसुद्धा नाही. चिठ्ठ्या सुरू झाल्या तेव्हा गाडी नांदगावच्या पुढे गेलेली. पुढची गाडी सुट्ट्यांनंतर. तोवर काकीच्या पेट्यांतला आंबा पिकून ढिला पडला.

तिने त्याचा रस आटवला आणि ताटांत पसरून उन्हात साठं घातली. आमच्यात पहिलं साठं थोरल्या घरी द्यायची रीत, ती तिने मोडली नाही. मीच नेऊन दिलं.

काकांनी तुकडा तोंडात टाकला. "बरा झाला," म्हणाले, "पण गो, वायच जाड झाला."