मेलेल्यांचा संसार

लखनौमध्ये मराठी बोलणारा, मराठी समजणारा, किंवा मराठी समजत नाही एवढं सांगण्यापुरता थांबलेला एकही माणूस असा उरला नसेल, ज्याला माझ्या थोरल्या नणंदबाईंनी ‘ती’ मालिका बघायला सांगितलेलं नाही. चारबागहून आलमबागला येताना भेटलेले रिक्षावाले झाले, गणपतीत आरतीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई झाल्या, आमचे भाजीवाले भैया तर दर आठवड्याला. दंतवैद्याच्या खुर्चीत माणसाचं तोंड उघडं असतं आणि तरी बोलता येत नाही. वन्संनी तिथेही कापूस बाहेर काढून ‘डॉक्टरसाहब, एक सीरियल है’ अशी सुरुवात केली होती. या सगळ्या शहरात एकच माणूस सुटलं, ते म्हणजे मी. एका छपराखाली राहून, एका चुलीवरचं खाऊन मला त्यांनी एकदाही ‘बघ’ म्हटलं नाही.

मालिका जपानी होती, चित्रांची. तिला कार्टून म्हटलेलं वन्संना खपत नसे. ‘कार्टूनमध्ये उंदीर असतात. इथे माणसं आहेत, आणि तीही मेलेली,’ असं त्या सांगत. तिचं जपानी नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही, त्यामुळे त्या तिला नुसतं ‘आपली मालिका’ म्हणत आणि समोरचा कुठली म्हणून गोंधळून जाई. गोष्ट अशी, की धुक्यानं भरलेल्या एका गावात एक धुलाईघर आहे आणि तिथे मेलेल्या माणसांचे कपडे धुवायला येतात. जगताना केलेल्या कर्माचा डाग कपड्यावर राहिलेला असतो. कुणाचा खुनाचा, कुणाचा नवऱ्याला फसवल्याचा, कुणी स्वतःचाच जीव घेतलेला असतो त्याचा. तो डाग निघाल्याशिवाय त्या माणसाला पुढे जाता येत नाही. कपडे धुणाऱ्या मुलीला सावली नसते. हे सगळं मुलांसाठी अर्थातच नव्हतं आणि त्यात रक्त पुष्कळ होतं. वन्संना मात्र भीती म्हणून वाटत नसे. भुतांकडे त्या शेजाऱ्यांसारखं बघत. ‘मेली तरी नळ बंद करायची अक्कल नाही हिला,’ असं एका गळा चिरलेल्या बाईबद्दल त्या वैतागून बोलल्या होत्या. अमीनाबादेत चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानात गेलो असताना, भरतकामाखालचा निळा छाप धुलाईत निघून जातो असं दुकानदार समजावत होता, तेव्हा वन्संनी उसासा टाकून त्याला सांगितलं, ‘आपका जाता है, भैया. हमारे सीरियल में नहीं जाता.’

ही मालिका घरात आणली माझ्या मुलीनं. ती सुट्टीला आली, चार दिवस बघत बसली आणि नोकरीवर परत गेली. दुसऱ्या दिवशी वन्संनी बातम्यांसाठी टीव्ही लावला तर त्यावर अक्षरं आली, ‘देखना जारी रखें?’ वन्सं साताऱ्याकडच्या. रेल्वेच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून लखनौला आल्या, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्या तरी परत गेल्या नाहीत. या शहराच्या अदबीचा त्यांनी धसका घेतलेला होता. इथे कुणी ‘लीजिए’ म्हटलं की नाही म्हणू नये, ही त्यांची समजूत. ‘एवढं अदबीनं विचारतोय, नाही कशी म्हणू?’ असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. पण खाली धावणारी हिंदी अक्षरं त्यांना वाचता येईनात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि जपानी माणसं भराभरा बोलत होती. मग त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारली. ‘बाळ, जरा इकडे ये आणि ही काय म्हणतायत ते वाच.’

तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की बाळ (डोक्यावर एकही काळा केस नसलेले बाळ) आपल्या खुर्चीत तिरपे बसत आणि मालिका वाचत. हिंदी बघायचं आणि मराठीत सांगायचं, तेही पात्राच्या आवाजात. मी शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली असे. मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. चित्रं हलायला लागली की मला झोप येते. पण भिंतीपलीकडून ह्यांचा आवाज येई. ह्यांनी काढलेला खुनी माणसाचा आवाज आणि भाजीवाल्याशी घासाघीस करतानाचा आवाज यांत मला कधी फरक जाणवला नाही. पुस्तकाचं पान तसंच राही. मी ती मालिका पाहिली नव्हती, पण पहिल्यापासून ऐकली होती.

या वाचनात एक शब्द फार घोटाळ्याचा ठरला. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला धुकं यायचं आणि अक्षरं उमटायची, ‘यह मृतकों का संसार है.’ हिंदीत संसार म्हणजे जग, हे लखनौच्या पोरालाही माहीत. पण ह्यांनी पहिल्याच दिवशी, घाईत असतील म्हणून किंवा आणखी कशानं, वाचून दाखवलं, ‘हा मेलेल्यांचा संसार आहे.’ वन्संना ते फार पटलं. मेल्यावरही माणसांची भांडीकुंडी, रुसवेफुगवे, कुणी कुणाची वाट बघणं चालूच राहतं, हे त्यांना एकदम खरं वाटलं. दोन भाषांमध्ये असे चकवे आहेत आणि वन्सं त्यांत पूर्वीपासून सापडत आल्या आहेत. एकदा गॅसचं सिलिंडर येईना तेव्हा तिथला साहेब नम्रपणे म्हणाला होता, ‘माताजी, हम पूरी चेष्टा करेंगे.’ तो बिचारा प्रयत्न करतो म्हणत होता. वन्सं कडाडल्या, ‘इस उमर में हमारी चेष्टा करते हो? शरम नहीं आती?’ सिलिंडर मात्र त्याच दिवशी आलं.

तर वन्सं मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेल्या आणि तिथे त्यांनी मालिकेची शिफारस केली ती संसाराची मालिका म्हणून. ‘अगदी मनाला भिडते हो. संसार कसा सुटत नाही माणसाला, ते दाखवलंय.’ बायकांनी घरी जाऊन विश्वासानं लावली. कुणी सासूला घेऊन बसल्या, कुणी नातवंडांना. पहिल्या पाच मिनिटांत विहिरीतून एक हात वर आला आणि त्याच्यामागे उरलेला माणूस आलाच नाही. पुढच्या पाच मिनिटांत जे दिसलं त्यानं एक सासूबाई उठून देवघरात गेल्या म्हणतात. तक्रारी आमच्याकडे फोनवर आल्या. माझ्या मुलीलाही कुणीतरी कळवलं. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. ती ओरडली, ‘आत्या, वो बड़ों के लिए है! आप मंडल में मत बोला कीजिए, प्लीज़!’ वन्सं शांतपणे म्हणाल्या, ‘अगं, त्या सगळ्या साठीच्या पुढच्याच आहेत. अजून किती मोठं व्हायचं माणसानं?’ ह्यांना मी त्या दिवशी म्हटलं, तुमच्या एका शब्दानं हे झालं, आता तरी त्यांना सांगा. ह्यांनी हसून वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ‘संसारच बरा आहे,’ म्हणाले.

शेवटचा एक भाग राहिला होता. तो येत्या रविवारी बघायचा असं दोघांचं ठरलं होतं, आणि त्या रविवारच्या आधी हे गेले. हृदय थांबलं. आजारपण नाही, निरोप नाही.

पुढचे कित्येक महिने आमच्या घरात टीव्ही लागला नाही. मग एक दिवस वन्संनी भाजीवाल्याला थांबवून म्हटलं, ‘भैया, एक सीरियल देखो. शुरू से देखना.’ मला वाटलं, दुःखानं माणूस असं काहीतरी करू लागतं. हळूहळू उलगडलं. वन्संना शेवट बघायचा होता, पण एकटीनं बघता येत नव्हता. अक्षरं दिसत नव्हती हे एक. दुसरं म्हणजे ज्याला मागचं काहीच माहीत नाही असा माणूस त्या खुर्चीत बसवणं त्यांना मानवेना. म्हणून त्या अख्ख्या शहरात असा कोणीतरी शोधत होत्या, जो पहिल्यापासून बघत बघत त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचेल. कोणी येत नव्हतं. मालिका जपानातसुद्धा फारशी कुणी पाहिली नाही, असं मुलगी म्हणे. भाजीवाला विहिरीपाशी थांबला, दंतवैद्य त्याच्याही आधी. कुणी विचारलं, ‘आंटी, लास्ट में क्या होता है?’ तर एरवी सगळं सांगून टाकणाऱ्या वन्सं पदर सारखा करत आणि म्हणत, ‘वो अभी बाकी है.’

मागच्या महिन्यात मुलीचा फोन आला. तिचा आवाज जपून पाऊल टाकल्यासारखा होता. ‘आई, वो आत्या वाली सीरीज़ हट रही है. इस महीने के बाद नहीं दिखेगी. कोई देखता ही नहीं ना.’ मी वन्संना सांगितलं. त्या पालक निवडत होत्या, निवडत राहिल्या. निवडून झालेला पालक पुन्हा निवडायला घेतला तेव्हा मी विचारलं, ‘वन्सं, सगळ्या लखनौला सांगितलंत. मला का नाही सांगितलं?’

‘तुला सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.’

‘मग?’

‘मग त्या खुर्चीत तुला बसावं लागलं असतं. माझ्यासाठी बसली असतीस. तसं नको होतं मला.’ पालकाचं देठ मोडत म्हणाल्या, ‘आणि तुला तरी मागचं कुठे माहीत आहे?’

‘विहिरीतला हात गवंड्याचा,’ मी म्हटलं. ‘नळ उघडा ठेवणारी त्याची दुसरी बायको. धुणारी मुलगी स्वतःच मेलेली आहे, आणि टोपलीच्या तळाशी तिचाच परकर आहे, हे तिला अजून कळलेलं नाही. भिंत पातळ आहे आपली, वन्सं.’

त्यांच्या हातातला पालक खाली पडला.

रविवारी जेवणं झाल्यावर मी चष्मा पुसला आणि ह्यांच्या खुर्चीत बसले. ‘सरळ बसू नकोस,’ वन्सं म्हणाल्या, ‘तिथून मागच्या खिडकीचा उजेड टीव्हीवर पडतो. म्हणून तो तिरपा बसायचा.’ इतकी वर्षं मी ती बसण्याची खोड समजत होते. मी तिरपी झाले. टीव्हीनं विचारलं, ‘देखना जारी रखें?’ वन्सं म्हणाल्या, ‘हाँ बाबा, रखो.’

माझा आवाज ग्रंथालयाचा, हळू आणि सपाट. पहिल्यांदा तो वाक्यांच्या मागे पडत होता. ‘अगं, ती मुलगी पुलापलीकडे गेलीसुद्धा,’ वन्सं ओरडल्या. मग जमलं. रक्त आलं तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांवर हात धरला. मी म्हटलं, ‘मग वाचणार कोण?’ तर म्हणाल्या, ‘तो मेला आता बोलत नाहीये, नुसता मरतोय. झाला की सांगते.’ शेवटी मुलीनं टोपलीच्या तळातला परकर काढला, ओळखला आणि नदीत सोडून दिला. तो वाहत गेला, तशी ती पुसट होत गेली. धुकं उरलं, आणि धुक्यावर एक ओळ, ‘और उसी घड़ी उसका संसार छूट गया.’

आयुष्यभर मी लोकांचे चुकीचे शब्द दुरुस्त करत आले आहे. तिचं जग सुटलं. योग्य भाषांतर ओठांवर तयार होतं. बाहेरून मेट्रो गेली, खिडकीची तावदानं थरथरली. वन्सं टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

‘आणि त्याच घटकेला,’ मी वाचलं, ‘तिचा संसार सुटला.’

‘सुटला?’

‘हो.’

‘मोडला नाही म्हटलंय?’

अक्षरं केव्हाच गेली होती, तरी मी पडद्याकडे पुन्हा नीट पाहिलं. ‘नाही, वन्सं. सुटला म्हटलंय.’

वन्संनी मान डोलावली.  मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला निघताना, दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘बाळही असंच चुकीचं वाचायचा.’