भुतेकर सरांची पेटी आणि माझे बेचाळीस

घनसावंगीच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी विज्ञानाचे भुतेकर सर प्रयोगशाळेत एका नव्या लाकडी पेटीसमोर बसले होते. माझे नावगाव विचारण्याआधी ते म्हणाले, “सांगा बरं मास्तर, इतकी वर्षं कोणी पुसलं न्हाई, मंग सरकारला आत्ताच आपली आठवण कशी झाली?”

पेटीत सूक्ष्मदर्शक होता आणि उत्तर सोबतच्या पत्रात होते. देशाने अणुचाचणी केली होती, सीमेवर वातावरण तापले होते, संरक्षणासाठी शास्त्रज्ञ हवे होते. सरांनी ते पत्र वर्गात मोठ्याने वाचले. म्हणाले, “काळजीपोटी का होईना, भिंग आलं. त्यातून काय बघायचं ते आपण ठरवू.”

पाठोपाठ एक तक्ता आला. किती विद्यार्थी संरक्षण-संशोधनात जाऊ इच्छितात? आकडा लहान असेल तर पेटी दुसऱ्या शाळेला जाणार, अशी बोलवा होती. सरांनी मुलांना खरेच विचारले, ‘२’ लिहिले आणि सही करून तक्ता टपालात टाकायला माझ्याकडे दिला. पेटी जाणार या विचाराने मला राहवेना. दोनाच्या आधी चार लिहायला गणिताच्या मास्तराला कितीसा वेळ लागतो!

बेचाळीस पाहून शिक्षण खात्याचे साहेबच शाळेत आले. “संरक्षणात जाणारे उभे राहा.” दोघेच उठले. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिले.

“सही माझी हाये, साहेब. चूकबी माझीच.”

मग त्यांनी संगीताला बोलावले. गोदाकाठच्या खेड्यातून येणाऱ्या या मुलीने गावच्या हौदातला थेंब काचेवर ठेवला होता. साहेबांनी वाकून पाहिले. आत काहीतरी वळवळत होते.

“यात देशाचं संरक्षण कुठं आलं?”

“ह्येच पाणी पितो आम्ही, साहेब.”

साहेब पुन्हा वाकले, आणि या वेळी बराच वेळ पाहत राहिले. पेटी शाळेतच राहिली. संगीताच्या गावचा हौदही त्या महिन्यात उपसला गेला.

सरांनी मला त्या बेचाळीसबद्दल कधीच विचारले नाही. पुढच्या वर्षी तक्ता आला, तेव्हा तो भरायला त्यांनी माझ्याच हातात दिला. त्या दिवशी मला फार लाज वाटली आणि सरांविषयी फार माया वाटली. मी एकेका मुलाला विचारून ‘३’ लिहिले.

सर आज पंचाहत्तर वर्षांचे झाले. हा आकडा मी भरलेला नाही, तो खरा आहे. तो असाच खरेपणाने, निरोगीपणे शंभरापर्यंत वाढत जावो.